चुंबक न धरणारी बाजू

अंगणाकडचं दार उघडेना.

रस्त्याकडचं शटर दादानं सकाळीच वर केलं होतं, पण त्यातून येणारं ऊन गाडीच्या नाकापाशीच थांबत होतं. अंगणाकडचं दार मात्र बिजागऱ्यांत हटून बसलं होतं. दादानं खांदा लावला, मग पाय लावला, मग दोन पावलं मागे सरून कमरेवर हात ठेवले.

"बिजागऱ्यांना तेल घालायचं कुणाला सुचू नये?"

"तेल घालणार कशाला? ते दार उघडत होतं कोण?" काका म्हणाले, आणि माझ्याकडे नजर जाताच गप्प झाले.

"शटरचा उजेड पुरणार नाही का?" गाडी तपासायला आलेल्या पारख्याला मी विचारलं.

तो अंगणात उभा होता. दोऱ्यांवर आईनं धुतलेल्या हॉटेलच्या चादरी वाळत होत्या आणि त्यांना धक्का लागू नये म्हणून त्यानं आपली पेटी पोटाशी धरली होती. पन्नाशी उलटलेला, नखं मुळापर्यंत कापलेला, हळू बोलणारा माणूस. "नाही पुरणार, ताई," तो म्हणाला. "बाजूनं उजेड पडल्याशिवाय पत्र्याच्या लाटा दिसत नाहीत. दिवा लावून बघायचं तर मी घरीच बसलो असतो."

शेवटी दादा आणि काकांनी मिळून दार ढकललं. ते किंचाळत उघडलं, वरून गंजाचा भुगा पडला, आणि बाबांच्या गाडीच्या डाव्या बाजूवर सरळ ऊन आलं. तयार झाल्यावर रविवारी बाबा तिला बाहेर काढायचे तेव्हा मी ती बाजू रस्त्यावर पाहिली होती. ती जिथं घडली, तिथं उन्हात कधीच पाहिली नव्हती.

खाली गडद हिरवी, वर सायीच्या रंगाची. नाक लांब, दिवे गोल, मागच्या काचेला किंचित उतार. काका तिला आईची सवत म्हणायचे. "वहिनी, आज तुमची सवत नटलीय हो," असं त्यांनी अंगणातून ओरडायचं आणि आईनं इस्त्रीवरून मान न उचलता म्हणायचं, "नटू दे. जेवायला तर माझ्याकडेच येतात ना?"

आता सवत विकायची होती. जागेच्या मालकाला गॅरेज महिनाअखेर रिकामं हवं होतं आणि दादा आईला आपल्या गावी न्यायला आला होता. घेणारा होता एक निवृत्त औषधविक्रेता. त्याला गाडीतलं काही कळत नव्हतं, पण आपल्याला काही कळत नाही एवढं मात्र कळत होतं, म्हणून त्यानं आधी पारखी पाठवला. पारखी हो म्हणाला तर गाडी घेणार, नाही म्हणाला तर नाही.

विकायचं पहिल्यांदा बोलली ती आईच. बाबांना जाऊन महिनाही झाला नव्हता. "विकून टाका तिला," ती म्हणाली. "पण नीट पारखून घेणाऱ्याला द्या. कुणाच्याही गळ्यात मारू नका." आई किती खंबीर आहे, असं आम्ही सगळे म्हणालो.

पारख्यानं पेटी उघडली. काठीला बसवलेला छोटा आरसा, टॉर्च, एक वही, आणि लहान बाळाच्या लोकरी मोज्यात बांधलेलं काहीतरी जड.

"हे काय?" दादानं विचारलं.

"चुंबक. रंगाला ओरखडा नको म्हणून मोज्यात. माझ्या मुलीचा आहे मोजा. ती आता तीस वर्षांची झाली, पण दुसरा मोजा काही सापडला नाही."

दादा हसला. काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी काकांकडे. इंजिन, गियर, ब्रेक, कागदपत्रं, सगळ्याची उजळणी आम्ही केली होती. चुंबक आम्हा दोघांनाही सुचलं नव्हतं.

चुंबक पत्र्याला धरतं. आणि ह्या गाडीच्या डाव्या बाजूला पत्रा जेमतेमच होता. बाबांनी ती आणली तेव्हा ती बारा वर्षं कुठल्याशा ओल्या भिंतीला टेकून उभी राहिलेली होती, आणि भिंतीकडची सगळी बाजू गंजानं खाल्ली होती. दुसरा कुणी असता तर तिथं लांबी भरून मोकळा झाला असता. लांबी म्हणजे पुट्टी. गिऱ्हाइकांच्या गाड्यांना बाबाही तीच भरत, कारण गिऱ्हाइकांना घाई असते. स्वतःच्या गाडीला त्यांनी शिसं भरलं. पत्रा तापवायचा, त्यावर शिशाची कांडी वितळवायची, ती लोण्यासारखी मऊ असतानाच लाकडी थापीनं पसरायची, आणि थंड झाली की कानशीनं घासत घासत बाजूला आकार आणायचा. सात वर्षांचे रविवार त्यात गेले. रविवारी शटर उघडं दिसलं की गिऱ्हाईक आत शिरतं, म्हणून शटर खाली असायचं. आणि अंगणाकडचं दार बंद असायचं ते आईच्या चादरींसाठी. कानशीची करडी धूळ उडून पांढऱ्या चादरींवर बसायची. आई ओरडायची, "अहो, दार लावून घ्या!" बाबा दार लावून घ्यायचे.

त्यांची मूत्रपिंडं कशानं गेली, हे शेवटी रक्ताच्या तपासणीत कळलं. रक्तात शिसं उतरलं होतं. तो कागद हॉस्पिटलच्या व्हरांड्यात माझ्या आणि काकांच्या हाती पडला. काकांनी तो चार घड्या घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "वहिनींना कळता कामा नये. दार लावा म्हणून कोण सांगायचं, हे त्या आयुष्यभर विसरणार नाहीत." दादालाही सांगायचं नाही असं ठरलं. दादाच्या तोंडात तीळ भिजत नाही.

आईला आम्ही सांगितलं की म्हातारपणी होतं असं. बाबा पासष्ट वर्षांचे होते.

*

त्या सकाळी काका किती बोलले, हे सगळ्यांच्या लक्षात आहे. का बोलले, ते त्यांनी मला पुष्कळ दिवसांनी सांगितलं. माणूस बोलण्यात गुंतला की त्याचा हात चालत नाही, असा त्यांचा अनुभव होता. गाड्यांचं वायरिंग करण्यात त्यांचा जन्म गेला होता आणि गिऱ्हाइकाला बोलण्यात गुंगवणं हा त्यांच्या कामाचा अर्धा भाग होता.

पारखी मात्र ऐकत ऐकत काम करणारा निघाला.

त्यानं पहिल्यांदा बॉनेट उघडून इंजिनावर तळहात ठेवला. "सकाळी चालू करून ठेवलं नाहीत ना?"

"छे! का हो?"

"आधीच तापवून ठेवलेलं इंजिन कुणाचंही एका हाकेत उठतं. थंड कसं उठतं ते बघायचं असतं."

ते थंडच होतं, आणि दुसऱ्या फिरकीत उठलं. काकांची छाती फुगली. पारख्यानं ऑइलची काडी काढून बोटांवर घेतली, वास घेतला, एक्झॉस्टपाशी रुमाल धरला, गाडीखाली आडवा होऊन आरसा फिरवला. चेसिसचा नंबर बोट फिरवून वाचला. वहीत लिहिताना दर वेळी तो एकच शब्द उच्चारत होता, "छान."

"छान असणारच," काका म्हणाले. "माझ्या भावानं बायकोपेक्षा हिची जास्त सेवा केली. बायको तक्रार करायची, ही करत नव्हती, एवढाच फरक."

मग मोजा बाहेर आला. उजव्या बाजूला, मडगार्डवर, दारांवर, खालच्या पट्टीवर, सगळीकडे चुंबक टक्, टक् करत बसलं. पारखी गाडीला वळसा घालून उन्हात आला.

"चहा घेता का आता?" काका म्हणाले. "ही बाजू काय, तशीच आहे. जुळी बहीण समजा."

"एवढं झालं की घेतो."

त्यानं पुढच्या दारावर मोजा टेकवला आणि बोटं सैल केली. मोजा घसरला. त्यानं तो हवेतच झेलला, वीतभर मागे नेऊन पुन्हा टेकवला. पुन्हा घसरला. मागच्या दारावर, मागच्या मडगार्डवर, दरवाजाखालच्या पट्टीवर, मोजा कुठंच थांबेना. त्यानं बोटाच्या पेरानं टकटक केलं. उजवी बाजू वाजली होती. ही भरल्या पोत्यासारखी मुकी होती.

या वेळी तो छान म्हणाला नाही.

"लांबी आहे," तो म्हणाला. "सगळी बाजू लांबीची आहे."

काकांनी मला सांगितलं की त्या क्षणी त्यांच्या गालावर चटका बसला. खराखुरा, चाळीस वर्षांपूर्वीचा. कामाला लागले त्याच महिन्यात त्यांनी घाईत एका दाराला लांबी भरून वर रंग मारला होता आणि गिऱ्हाइकाला पत्रा नवा बसवलाय म्हणून सांगितलं होतं. बाबांनी थोबाडीत मारली. मग स्वतः बसून ती लांबी छिन्नीनं काढली, पत्रा ठोकून सरळ केला, आणि रात्री दोघं जेवायला बसल्यावर एवढंच म्हणाले, "लांबी भरणं चुकीचं नाही. भरून न सांगणं चूक."

"उस्तादांचं नाव मी ऐकून होतो," पारखी म्हणत होता. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "त्यांच्या हातचं एक मडगार्ड पाहिलं होतं एकदा. अजून डोळ्यांपुढे आहे. त्यांची स्वतःची गाडी बघायला मिळणार म्हणून मी खरं तर खुशीत आलो होतो." त्यानं मोजा पेटीत ठेवला. "असो. वयानं हात थकतात माणसाचे."

काकांच्या ओठांवर तो शब्द आला होता. शिसं. दोन अक्षरं. ती उच्चारली की पारखी त्याच्या धुळीच्या विषावर बोलणार. त्यांनी अंगणाकडे पाहिलं. चादरींच्या पलीकडे आईची सावली हलत होती, वाळलेल्या चादरी काढत होती.

"वय झालं होतं खरं," काका म्हणाले.

*

दादा असलं ऐकून घेणाऱ्यांतला नव्हता.

"काका! काय बोलताय तुम्ही?"

"अरे..."

"बाबा आणि स्वतःच्या गाडीला लांबी? ह्या माणसाला माहीत नसेल, तुम्हाला माहीत नाही?" तो पारख्याकडे वळला. "साहेब, तुमचं काहीतरी चुकतंय. तुम्ही पुन्हा बघा."

"चुंबक कुणाच्या बाजूनं बोलत नाही हो," पारखी सौम्यपणे म्हणाला. "तरी तुमची परवानगी असेल तर कुठंतरी रंग थोडा खरवडून बघतो. पुट्टी असली तर पांढरी भुकटी निघेल. मग तुमचीही खात्री पटेल."

"खरवडा की! कुठं हवं तिथं खरवडा."

"नको," मी म्हणाले.

दादानं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत मला तो पुन्हा सोळा वर्षांचा दिसला. ही गाडी आली ती दादा टाइल्सच्या कारखान्यात नोकरीला लागून गाव सोडून गेला त्याच्या पुढच्या वर्षी. सुट्टीत घरी यायचा तेव्हा बाबा बंद दाराआड असायचे, आणि दादा अंगणात चादरींमध्ये बसून आईशी बोलून परत जायचा. आपण गेलो आणि आपल्या जागी ही आली, असं त्याला वाटायचं, हे त्यानं मला त्या दिवसानंतर सांगितलं. तिच्यावर बाबांनी नेमकं काय केलं ते त्यानं कधी विचारलं नव्हतं. पण ते जे काही होतं ते अस्सल होतं, एवढं तरी त्याला हवं होतं. त्याच्या वाट्याचे रविवार तिला गेले होते. ते पुट्टीवर गेले, हे त्याला सोसवेना.

"नको म्हणजे?"

"रंग बाबांच्या हातचा आहे. खरवडायचा नाही."

"आणि नाव कुणाच्या हातचं आहे?" दादाचा आवाज चढला. "हा माणूस आता वहीत लिहिणार, उस्तादांची गाडी खोटी. उद्या बाजारात तेच बोललं जाणार. आणि तू रंग सांभाळतेस! वाचून वाचून अक्कल गेली का, मास्तरीणबाई?"

"दादा, हळू बोल. आई बाहेर आहे."

"ऐकू दे ना! तिच्याच नवऱ्याला खोटं म्हणताहेत. तिनं का ऐकू नये?" मग त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी बदललं. तो काकांकडे, मग माझ्याकडे, मग पुन्हा काकांकडे बघत राहिला. "तुम्ही दोघं मिळून आहात यात."

"कशात रे?"

"गाडी विकायची नाही ना तुम्हाला! घेणारा नको म्हणाला की सुटलात. मग गाडी काकांच्या दारात, आणि हिला काय, रडायला जागा. माझ्यापाशी सरळ बोलायचं होतं. त्यासाठी मेलेल्या माणसाला कमीपणा कशाला?"

"साहेब, तोंड सांभाळा," काका म्हणाले. दादाला ते चिडले की साहेब म्हणत. "तुझ्या बापाच्या हाताखाली मी चाळीस वर्षं काढली. तू किती काढलीस?"

"म्हणूनच विचारतोय! चाळीस वर्षं काढलेला माणूस गप्प का? सांगा ना ह्यांना, ही लांबी नाही. तुमच्या तोंडून एकदा ऐकू दे."

काकांचा हात शर्टाच्या खिशावर गेला. तो कागद ते अजूनही खिशात घेऊन हिंडत होते, हे मला तेव्हा कळलं.

पारख्यानं अवघडून वही मिटली. "तुम्ही घरचे आधी बोलून घ्या. मी बाहेर थांबतो."

*

आईनं सगळं ऐकलं होतं, हे तिनं मला नंतर सांगितलं. ती वाळलेल्या चादरींच्या दुसऱ्या रांगेत होती, गॅरेजपासून आठ पावलांवर.

टकटक कोणत्या बाजूची, हे तिला न बघता कळत होतं. सात वर्षं बंद दाराबाहेर उभं राहून तिनं ती गाडी ऐकलीच होती. हातोडीचा आवाज, मग बराच वेळ काही नाही, मग कानशीची खसखस. खसखस सुरू झाली की ती दाराकडे एक नजर टाकायची, लागलंय ना म्हणून.

आपल्याला काही ठाऊक नाही असं मुलीला आणि भावोजींना वाटतं, हेही तिला ठाऊक होतं. त्यांनी इतक्या जिवानं सांभाळलं होतं ते, की मोडवेना.

तिला कळलं ते हॉस्पिटलच्या तिसऱ्या दिवशी. तरुण डॉक्टर तिला म्हणाला होता, "आजी, त्यांचे कामाचे कपडे घेऊन या. आहेत तसे आणा." ती घरी आली, खुंटीवरचे कपडे काढले. आहेत तसे म्हणजे मळके? हॉस्पिटलात? तीस वर्षं दुसऱ्यांचे कपडे धुणाऱ्या बाईनं नवऱ्याचे मळके कपडे चारचौघांत न्यायचे? तिनं ते दोनदा धुतले, कांजी केली, इस्त्री केली, आणि पिशवीत नीट घडी घालून नेले. डॉक्टरनं पिशवी उघडली. घडी पाहिली. तो रागावला नाही. खुर्ची ओढून बसला आणि विचारलं, "काम करताना दारं उघडी असायची का?"

"नाही. मीच लावायला सांगायची. माझ्या चादरींवर धूळ येते ना."

त्यानं ते लिहून घेतलं.

तेवढ्यानं तिला कळलं. तिची अख्खी जिंदगी गेली होती, ती बोललेलं कुणी कधी लिहून घेतलं नव्हतं. इतकी साधी गोष्ट डॉक्टर लिहून घेतो म्हणजे ती साधी नसणार. धुतलेल्या कपड्यांवर काहीच सापडलं नाही, रक्त तपासायला आणखी तीन आठवडे गेले. ते आठवडेही तिनं मोजले होते. विकून टाका, असं ती म्हणाली होती ते खंबीरपणानं नव्हे. रोज इस्त्री करताना खिडकीतून ते बंद दार दिसत होतं.

आणि आता तिचा मुलगा तिच्या मुलीवर ओरडत होता, आणि भावोजी, ज्यांचं तोंड झोपेतसुद्धा बंद नसे, ते गप्प होते. तिच्यासाठी.

तिनं हातातली चादर खांद्यावर टाकली. इस्त्रीच्या टेबलावर एक बोथट सुरी असायची, इस्त्रीच्या बुडाला करपलेलं खरवडायची. ती तिनं घेतली.

*

"शिसं आहे ते," आई दारातून म्हणाली.

तिघंही वळलो. पारखी बाहेर जायला निघाला होता तो जागीच थांबला.

"वहिनी, तुम्ही कशाला..." काका पुढे झाले.

"सरका, भावोजी."

ती गाडीच्या मागच्या दारापाशी गेली, गुडघ्यावर हात टेकून सावकाश खाली बसली आणि मला म्हणाली, "दार उघड गं ते."

मी दार उघडलं. तिनं दाराच्या खालच्या कडेला, आतल्या अंगाला, जिथं वाकल्याशिवाय दिसत नाही तिथं, अंगठा फिरवला. "इथं रंग एकच हात आहे," ती पारख्याला म्हणाली. "मुद्दाम तसा ठेवलाय. ते मला दाखवून गेलेत. म्हणाले होते, कुणी कधी लांबी म्हणालं तर इथं खरवडून दाखव. बाकी कुठं हात लावू देऊ नकोस."

काकांनी भिंतीला पाठ टेकली. चाळीस वर्षांत त्यांनाही ही जागा ठाऊक नव्हती.

आईनं सुरीनं दोनदा खरवडलं. हिरवे पापुद्रे पडले. पांढरी भुकटी निघाली नाही. खाली चमकलं ते करडं होतं, मऊ, सुरीची रेघ धरणारं.

पारखी पाठीवर आडवा झाला. टॉर्च लावून बघत राहिला, नख लावलं. उठला तेव्हा त्याच्या शर्टाला सगळी माती लागली होती आणि त्याला तिचं भान नव्हतं. त्यानं पेरानं पुन्हा टकटक करायला सुरुवात केली, पुढच्या दारापासून, खूप हळू, कान जवळ नेऊन. शेवटपर्यंत गेला आणि परत आला.

"सगळी बाजू?"

"सगळी. सात वर्षं."

"मला माफ करा," तो म्हणाला. "चुंबकावर विसंबलो. हाताला गार लागत होतं, तेव्हाच समजायला हवं होतं. पुट्टी इतकी गार लागत नाही." त्यानं मागच्या मडगार्डच्या वळणावर तळहात ठेवला. "असं काम आता कुणी करत नाही, बाई. करूही नये. त्याची धूळ..."

तो थांबला. त्यानं उघड्या दाराकडे पाहिलं, बिजागऱ्यांखाली पडलेल्या गंजाच्या भुग्याकडे, बाहेरच्या चादरींकडे. जाणता माणूस होता. त्यानं पुढचं वाक्य गिळलं.

"बंद असायचं," आई म्हणाली. "दार. मी सांगायची लावायला."

दादा एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. "म्हणजे?" त्यानं विचारलं. मग त्याला समजत गेलं. ते त्याच्या चेहऱ्यावर उतरताना बघवत नव्हतं.

"ह्या दोघांना वाटतं मला ठाऊक नाही," आई त्याला म्हणाली. "म्हणून गप्प बसले होते. मला कळू नये म्हणून त्यांनी तुझ्या बापाला खोटं ठरू दिलं. तू ओरडू नकोस त्यांच्यावर."

"आई," मी म्हणाले. मी आयुष्यात इतकं वाचलं होतं, त्यातलं एक वाक्य उपयोगी पडलं नाही.

"वहिनी, तुम्हाला कुठं काय कळत होतं तेव्हा?" काका म्हणाले. "आम्हाला कळत नव्हतं. त्याला स्वतःला कळत नव्हतं. तुम्ही स्वतःला..."

"हो, भावोजी," आई म्हणाली. लहान मुलाची समजूत पटल्यासारखं दाखवतात ना, तशी. मग पारख्याकडे वळली. "लिहा तुम्ही. डावी बाजू शिशाची आहे, लांबी कुठंही नाही. स्पष्ट लिहा."

त्यानं गाडीच्या छतावर वही ठेवली, मग बरं नाही दिसत असं वाटून उचलली आणि हातावर धरून लिहिलं. लिहिलेलं वाचून दाखवलं. खाली आणखी एक ओळ लिहून तीही वाचली: ही बाजू कुणी घासू नये, कानस लावू नये.

"हे बरं केलंत," आई म्हणाली. "घेणाऱ्याला घ्या म्हणणार?"

"म्हणणार."

"त्यांची बायको कपडे कुठं वाळवते, तेही विचारा."

पारख्यानं मान हलवली. चहाचं कुणाला आठवलंच नाही. तो पेटी पोटाशी धरून, चादरी चुकवत, अंगणातून गेला.

दादा आईजवळ खाली बसला होता. तिला उठवायला त्यानं हात पुढे केला, पण ती लगेच उठली नाही. तिच्या अंगठ्यावर आणि पहिल्या बोटावर करडी धूळ लागली होती. ती बोट उन्हात धरून बघत होती. मी घाईनं ओढणीचं टोक पुढे केलं. "आई, हात दे. लगेच धुऊन टाक तो."

"धुते," ती म्हणाली.

आणि मग तिनं, न बघता, ते बोट खांद्यावरच्या पांढऱ्या चादरीला पुसलं.